पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे

जेवण पोचवायला निघालेल्या लंबूला चौकात ट्रकनं उडवलं, पाय मोडला, आणि कंपनीनं हात वर केले. "सिग्नल त्यानं तोडला. मी सांगितलं होतं का तोडायला?" मॅनेजरनं लंबूच्या बायकोलाच उलट विचारलं. त्याआधी फोनवर फोन करून लंबूचा जीव खाणारा हाच मॅनेजर, पण त्याला साक्षीदार कोण?

दुसऱ्या दिवशी मावशीनं सगळ्यांना दम भरला. डिलिव्हरीच्या पोरांत ती वयानं सगळ्यात मोठी आणि जिभेनं सगळ्यात तिखट. "आज नियम म्हणजे नियम. लाल दिव्याला कोणाचं चाक हललं, तर गाठ माझ्याशी आहे."

दुपारपर्यंत हॉटेलांच्या काउंटरवर पार्सलांचा ढीग लागला. चौकात दिवा लाल होता. मावशीची स्कूटर पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे उभी आणि मागे पोरांची शहाण्यासारखी रांग. मॅनेजरचा फोन वाजला, तशी तिनं गाडी बंद केली आणि फोन स्पीकरवर टाकला.

"मावशी, अडकलात कुठे?"

"सिग्नलला."

"सिग्नलला काय? गिऱ्हाइकं माझ्या नावानं बोंबलतायत! रस्ता मोकळा दिसला की काढायची गाडी. मी रोज सांगतो ना सगळ्यांना?"

मावशीनं फोन खांद्यावरून मागे धरला.

"परत बोला साहेब, जरा मोठ्यानं," मावशी म्हणाली. "लंबूची बायको माझ्या मागेच बसलीय."