गंगम्माचा चोख माल

बाहेरचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या गंगम्माचं लिव्हर कशानं नासत चाललंय, हे डॉक्टरांनाही कोडंच होतं. तरी बोरी गावातल्या आपल्या दुकानात बसून विकायचे शेंगदाणे ती स्वतःच निवडायची.

कंपनीसाठी घाऊक खरेदीला आलेल्या धनश्रीनं दाण्यांच्या अर्काचा थेंब, रक्तातली साखर तपासतात तसल्या यंत्राच्या पट्टीवर टाकला. बुरसटलेल्या दाण्यांत असतं ते लिव्हर खाणारं विष औषधालाही सापडलं नाही.

“मावशी, अख्ख्या बाजारात इतका साफ माल कुणाचाच नाही! निवडून काढलेले बुरसटलेले दाणे फेकता कुठं?”

“शिवा शिवा! अन्न कुणी फेकतंय का, माय? अन् गिऱ्हाइकाच्या पोटात घालायचं पाप बी नको,” गंगम्मा समाधानानं हसली.

“वीस वर्षं झाली, माज्या सोमवारच्या उपासाला मी तेच तर खायलेय.”