लिफ्टखालचं शेत

मये गावातलं शेत बिल्डरला दिलं, तेव्हा गौरेशला त्याच जागी तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. आई खूश होती. नागपंचमीपर्यंत.

"गौरेशा, गणपतीक माती घेवन ये. आमच्या शेतातली."

नागपंचमीला मूर्तिकाराकडे माती द्यायची, तीही घरच्याच शेतातली, हा तिचा नेम. गौरेश घमेलं घेऊन खाली उतरला. बघावं तिथे पेव्हर आणि काँक्रीट. कोपऱ्यातल्या बागेत कुठूनशी आणलेली लाल माती, तिच्यात जास्वंदसुद्धा तोंड पाडून उभी. रिकामं घमेलं घेऊन तो वर आला.

"यंदा मूर्तिकाराकडचीच माती चालवून घेऊया गो आई."

"आणि देवाक काय सांगू? तुजी माती पार्किंगाखाली गेली म्हणून?"

मायलेकांचं बोलणं बंद झालं. मग लिफ्टही बंद पडली.

दुरुस्तीला बेळगावचा संतोष आला. लिफ्टच्या खड्ड्यातून तो ओरडला, "साहेब, तळाला भेग पडलीय! पावसाच्या पाण्यानं खालचा चिखल वर आलाय. काळाकुट्ट, चिकट. कुजक्या पेंढ्याचा वास मारतोय नुसता!"

आई कठडा धरून तिन्ही मजले उतरली. चिखलाचा गोळा हातात घेऊन तिने हुंगला, आणि तिचा चेहरा खुलला.

"हीच ती!"

गौरेशने मुकाट्याने घमेलं पुढे केलं.

माती मूर्तिकाराकडे रवाना झाली. संतोषने सिमेंट कालवलं आणि तो भेग बुजवायला खड्ड्यात उतरू लागला, तशी आईने त्याचा हात धरला.

"थांब रे बाबा! मगे फुडल्या वर्सा गणपती येतलो खंयसून?"