परतीचा डबा

नीरजाने डब्याचं झाकण उघडलं आणि पाणी तिच्या पायांवर सांडलं.

"अगं बाई! पाणी?"

पाणीच. काठोकाठ, वर तुळशीचं एक पान. काल याच डब्यातून तिने वरच्या मजल्यावरच्या प्रमोदिनीबाईंना मसालेभात पाठवला होता. आता शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, ही आपल्याकडची रीत. काशीतल्या बालाजी घाटाच्या या गल्लीतली मराठी पोरं घरातसुद्धा हिंदीत भांडतात, पण ही रीत काही कुणी सोडलेली नाही. म्हणून डब्यात पाणी?

शेजारच्या शरदिनीकाकू आवाज ऐकून आल्या. त्यांनी पान उचललं, पाण्यात बोट बुडवलं आणि कपाळाला लावलं.

"गंगाजल आहे गं."

"काशीत? काकू, घाट इथून दिसतोय! इथे कोण कुणाला गंगाजल देतं?"

"तेच म्हणते मी. याच्याआधी काय आलं होतं तुझ्याकडे?"

"आधी साखर. मग चांगला मोठा गुळाचा खडा. परवा वाटीभर तूरडाळ."

"माझ्याकडे शेंगदाणे आले, मग पोहे," काकू म्हणाल्या.

दोघींच्याही लक्षात एकदमच आलं. रेशनच्या दुकानातलं मशीन प्रमोदिनीबाईंचा अंगठा ओळखेना. रेषा झिजल्या म्हणे. तेव्हापासून त्यांची चूल कधी पेटते, कधी नाही, हे गल्लीला ठाऊक होतं. म्हणून तर दोघी डबे पाठवत होत्या, एकमेकींना न सांगता, अगदी पुण्य लपवून ठेवल्यासारखे. आणि बाई प्रत्येक डब्यातून घरातलं एकेक परत पाठवत होत्या. आता द्यायला नळ आणि नदी तेवढी उरली होती.

"त्या डाळीची मी आमटी केली हो काकू," नीरजा रडवेली झाली. "आणि दोनदा वाढून घेतली."

"आपण त्यांना जेवू घालत होतो की त्यांचं घर खात होतो?"

"सांगून टाकू या, काही परत देऊ नका म्हणून."

"मी बोलले होते एकदा. म्हणाल्या, 'मग पाठवूच नकोस. मी काही सदावर्तावर बसलेली नाही.' दोन दिवस दार उघडलं नाही त्यांनी. जीव टांगणीला लागला होता माझा."

आता काय करणार? पाठवावं तर बाईंचं घर रिकामं होतं, न पाठवावं तर पोट. दोघी डोक्याला हात लावून बसल्या.

तेवढ्यात नीरजाचा नवरा विश्वजीत बाहेरून आला. हातात पानाचा दोना, दोन्यात कचोरी आणि भाजी. घरात स्वयंपाक तयार असताना हा गृहस्थ नाक्यावरची कचोरी खाणार. उभ्या उभ्या शेवटचा घास तोंडात टाकून त्याने दोना कचऱ्याच्या बादलीत भिरकावला.

दोघी त्याच्याकडे टक लावून बघायला लागल्या.

"क्या हुआ? मी काय केलं?"

"तो दोना परत नाही द्यायचा?" काकूंनी विचारलं.

"दोना कोण परत देतं? येडे हो क्या आप लोग?"

"अगदी येडे!" म्हणत काकू उठल्याच.

विश्वजीतला सगळं ऐकवलं, तेव्हा तोही जरा ओशाळला. अंगठा चालत नसेल तर डोळे बघणारं मशीन असतं म्हणाला, सोमवारी सुट्टी काढून बाईंना स्वतः घेऊन जातो म्हणाला. मग त्यालाच पुन्हा नाक्यावर पिटाळलं, दोने आणि मातीचे कुल्हड आणायला.

दुपारी नीरजा जिना चढली. एका हातात दोनाभर भात, दुसऱ्या हातात कुल्हडभर आमटी. प्रमोदिनीबाईंनी दार उघडलं. साडी कडक इस्त्रीची, चेहरा मात्र पार उतरलेला.

"भांडं कुठाय?"

"हेच."

"हे परत कसं करायचं?"

"करायचंच नाही, आजी. टाकून द्यायचं. बनारसमध्ये कुल्हड कोणी परत करतं का?"

बाईंनी कुल्हडाकडे पाहिलं, दोन्याकडे पाहिलं, मग नीरजाकडे बराच वेळ पाहिलं.

"लबाड आहेस," त्या म्हणाल्या आणि तिथेच उंबऱ्याशी पाटावर बसल्या.

भातावर आमटी ओतून जेवल्या. शेवटचं शीतसुद्धा बोटाने टिपून घेतलं. नीरजाने तोंड फिरवून डोळे पुसले आणि हळूच जिन्याकडे वळली.

"थांब! रिकामी कुठे निघालीस?"

नीरजाने मागे पाहिलं. आता काय देतात? हातातल्या बांगड्या?

"आमटीत चिंच किती कोंबलीस? दात आंबले माझे. आणि गूळ? चांगला मोठा खडा दिला होता तुला, त्याचं काय केलंस? देवापुढे ठेवलास? भाताचा तर नुसता गोळा. इतकी वर्षं संसार करतेस, कुणी काही बोललं नाही? बोलणार कोण म्हणा, नवरा कचोऱ्या खाऊन जगतो. उद्या मी येते खाली. ओट्याशी उभी राहून दाखवते."

नीरजा जिना उतरली ती कान लाल करूनच. खाली शरदिनीकाकू पदराशी चाळा करत उभ्या होत्या.

"काही दिलं तर नाही ना परत?"

"दिलं की."

"अरे देवा! काय उरलं होतं द्यायला?"

"बोलणी."

काकूंनी सुटकेचा श्वास टाकला. "भरपूर?"

"काठोकाठ," नीरजा म्हणाली आणि उद्यासाठी गुळाचा डबा शोधायला लागली.