रिकाम्या नावेचा भार

त्या आठवड्यात गोदावरीच्या घाटावर मी तिसऱ्यांदा आलो होतो. चकलांब्यापासून बैलगाडीत अंग खिळखिळं झालं होतं. जहागीरदारांनी हैदराबादेहून आणलेली मोटार नावेच्या मागं बसवली, तेव्हापासून एकच तक्रार होती. भरली नाव ती पळवते. रिकामी परतताना मात्र धापा टाकते.

"पाण्यातला पंखा दांड्यावर घसरतोय बगा, मिस्त्री," आश्रुबा नावाडी म्हणाला.

पंख्यावरून त्याच्या दांड्यापर्यंत मी डांबराची एक सरळ रेघ ओढली. पंखा घसरला तर रेघ तुटणार. पलीकडे पंधरा माणसं उतरवून आम्ही दोघंच परत निघालो. भर दुपारी, संथ पाण्यात मोटार सारखी कण्हत होती.

घाटाला लागल्यावर पाहिलं, तर रेघ जशीच्या तशी. पाणी मात्र नावेच्या कडेपर्यंत चढलेलं.

आश्रुबानं मान खाली घालून कडेवर हात ठेवला. इथले नावाडी उतरणारी माणसं बघून मोजत नाहीत. एकेक उतरलं की नाव उचलते, ते हाताला कळतं.

"कावून मोजतूस? दोघंच तर हाव आपुन," मी म्हणालो.

त्याच्या हाताखाली नाव हळूच वर आली. मग पुन्हा. अशी पंधरा वेळा. उतरताना कुणीच दिसलं नाही.

मी उतरलो आणि वाळूत उभा राहिलो; नाव मात्र जराही वर आली नाही.

आश्रुबाचा हात अजून कडेवरच होता, मान खालीच.

"उतरा की, मिस्त्री," तो म्हणाला. "तुमीच तेवढे राह्यलात."