लाल दिवा लागला की कुलर बंद

लाल दिवा लागला की कुलर बंद, असा त्या रेडिओ केंद्राच्या स्टुडिओचा कायदा होता. एसी गुढीपाडव्याला बिघडला, तेव्हापासून खिडकीत कुलर बसला होता आणि त्याची घरघर थेट माइकमध्ये शिरायची. म्हणून बोलायची वेळ झाली की काचेपलीकडे बसलेला देवीदास कुलरचं बटण दाबायचा आणि मगच माइक उघडायचा.

अकोल्याचा मे महिना. चहूबाजूंनी बंद केलेली ती खोली दोन मिनिटांत उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीसारखी तापायची. निवेदिका प्रणालीने आपलं बोलणं चाळीस सेकंदांवर आणलं होतं. वेळ, तापमान, गाण्याचं नाव, संपलं. तिच्या दुपारच्या ‘वऱ्हाडी गोठी’साठी पातूरपासून दर्यापूरपर्यंत दुकानातले रेडिओ मोठे व्हायचे. महिन्याभरात तिने एकही गोठ, एकही गोष्ट सांगितली नव्हती.

केंद्राचे प्रमुख चिंतामण सर दारात येऊन उभे राहिले. “एक वाजता पुण्याच्या हेड ऑफिसचे साहेब ऐकून राहिले बरं. पोरीत दम राहिला नाई म्हणे. दुपारचा शो पुण्याहूनच पाठवतो म्हणे, साऱ्या गावांले एकच.”

“सर, अन् एसी?”

“आधी हे निभू दे, मंग एसीचं पाहू.”

आठ वर्षांचा शो होता तो.

एकला लाल दिवा लागला. देवीदासचा हात बटणाकडे गेला. प्रणालीने तळहात दाखवला. राहू दे.

मागे कुलर घरघरत होता, मानेवर गार वारा लागत होता, आणि ती सुटली. वलगावची एक आत्या चुकीच्या जीपमध्ये बसते, चुकीच्या लग्नात पोचते, पंगतीत जेवते, आहेरसुद्धा देते आणि शेवटी नवरदेव पाहून म्हणते, “बाप्पा, हा कोण व्हय?” प्रणाली आत्या झाली, जीपवाला झाली, फुगून बसलेली वरमाय झाली. पाच मिनिटं कशी गेली तिला कळलं नाही. काचेपलीकडे देवीदास तोंडावर हात धरून हसत होता.

गाणं सुरू होताच फोन वाजला. दर्यापूरच्या ललिताबाई होत्या.

“महिनाभर काहून नाई सांगतली व माय गोठ? आमाले वाटलं, बिमार पडली का काय!”

पाठोपाठ चिंतामण सर आले ते हसतच. “साहेब खूश! शो तुयाच. गोठ आता दोनदा सांगाची, एकले अन् तीनले.”

प्रणालीचे डोळे भरून आले. किती दिवसांनी कुणी तिच्या कामाला बरं म्हटलं होतं.

“फक्त मागून घरघर येऊन राहिली म्हणे, ते पुन्यांदा नको,” सर म्हणाले. “म्या सांगून टाकलं, आजच काढतो.”

“अन् एसी, सर?”

“साहेब म्हणे, काम तर मस्त चाललं. मंग एसीची एवढी घाई काहून?”

अडीच वाजता देवीदास आणि शिपायाने कुलर उचलला. दारापासून जिन्यापर्यंत पाण्याचा ओघळ गेला आणि बघता बघता वाळला. खिडकीला प्लायवूड ठोकलं. कुलरच्या जाळीतून गळून पडलेला ओल्या गवताचा पुंजका प्रणालीने उचलून मानेवर ठेवला.

तीनला लाल दिवा लागला. देवीदासचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

“तर मंडळी, आपली वलगावची आत्या...” प्रणालीने सुरुवात केली. घामाचा थेंब डोळ्यात उतरला. गवत केव्हाच कोरडं झालं होतं. पुढचं वाक्य तिला सापडेना.

मग तिने वेळ सांगितली, तापमान सांगितलं आणि गाण्याचं नाव सांगितलं.