बाबांचा नंबर
माझा नवरा कुंदन सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना ज्ञान पाजळतो. "ऑनलाइन रमी खेळा, पण कंट्रोल पाहिजे. मी ॲपला रोज एका तासाची लिमिट लावलीय. तास भरला की खेळ बंद."

सासरे वारून वर्ष झालं, तरी त्यांचा मोबाईल तो दर महिन्याला न चुकता रिचार्ज करतो. सासूबाई तर त्याला श्रावणबाळच म्हणतात.

आज सासऱ्यांच्या फोटोला हार घालत होते, तेवढ्यात खाली ठेवलेला तो मोबाईल वाजला. मी मेसेज वाचला. 'नामदेवजी, तुमचा आजचा एक तास संपला. जबाबदारीने खेळा.'

"काय लिवलंय गो?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. बाबासुद्धा कंट्रोलमध्येच खेळतात."