समासातली लाल पेन्सिल

कॉमिकचा अंक घरात एकच यायचा, त्यामुळे बहीण-भावाचं भांडण त्याच्या समासात चालायचं. धाकटा लाल पेन्सिलीने मत मांडायचा, ताई त्याखाली निळीने त्याचे वाभाडे काढायची. लाडका नायक मेला त्या पानावर धाकट्याने लिहिलं होतं, "बघच तू, पुढच्या अंकात परत येतो की नाही!" खाली ताईचं उत्तर होतं, "मेलेलं माणूस परत येत नसतं, शहाण्या. लिहिणाऱ्याला एवढी तरी अक्कल असेल."

पुढचा अंक आला, तोवर धाकटाच राहिला नव्हता. त्याच्या खोलीला ताईने बाहेरून कडी घातली होती.

टपालाने आलेलं बंद पाकीट तिने स्वतःच्या हाताने फाडलं. पहिल्याच पानावर नायक हसत उभा होता, अंगावर साधा ओरखडा नाही. ताईने समासात निळीने लिहिलं, "हरले रे राजा. परत आला तेच बरं झालं." अक्षरांवर एक टिपूस पडलं. ते पुसून तिने पान उलटलं.

तिथे समासात लाल पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "पटलं ना ताई? मग आता कडी काढ."